राजाईची फिर्याद

नामदेव गाथेत राजाईच्या नावावर एक लहानसा अभंग आहे. दोन प्रहर रात्र झाली आहे. एकांत पाहून नामदेवांची बायको रखुमाईपुढे उभी राहते आणि घरचा वृत्तांत सांगते. घरात नेसायला वस्त्र नाही, भांडे नाही, खायला अन्न नाही. चौदा माणसे पोटासाठी दारोदार हिंडतात आणि नवरा लाज सोडून रात्रंदिवस नाचतो. तिची मागणी साधी आहे : तुमच्या विठोबाला सांगा, माझ्या नवऱ्याला असे वेडे का केले? मग ती म्हणते, नीट विचार करून काही बरा मार्ग सांगा. शेवटच्या चरणात मात्र चक्क दम आहे. मार्ग निघाला नाही तर ही नामयाची राजाई काही भली बाई नव्हे.

मी विद्यापीठाच्या वाटेने संतसाहित्याकडे आलेलो नाही. सोलापुरात कोर्टाच्या आवाराबाहेर टायपिंगचे काम करत हाती येतील त्या गाथा, बखरी, चरित्रे वाचत गेलो. त्यामुळे असेल, पण हा अभंग मला आधी अर्ज वाटतो, मग काव्य. अर्जदार, प्रतिवादी, तक्रारीचा मजकूर, मागणी, सगळे त्यात आहे. आणि तो अर्ज कोणाकडे केला आहे, हे फार महत्त्वाचे आहे.

'समुपदेशन' हा शब्द आपल्याकडे अलीकडचा. त्याआधी 'समजूत घालणे', 'चार शब्द सांगणे', 'बोध करणे' असे म्हणत. शब्द बदलला तरी वाट तीच आहे. आमच्या शहरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी घरे एका गल्लीत नांदतात, आणि नवरा-बायकोचे फाटले की बहुतेक घरे वकिलाच्या आधी कोणातरी धर्माच्या माणसाकडे जातात. कोणी गळ्यात माळ घालणाऱ्या महाराजांकडे, कोणी मठातल्या स्वामींकडे, कोणी मौलानांकडे, कोणी पाद्रीबाबांकडे. तिथे जमले नाही तर मग माझ्यासारख्याच्या टेबलापर्यंत कागद येतो. तिथे सांगितल्या जाणाऱ्या चार शब्दांना मराठीत निदान सातशे वर्षांची परंपरा आहे, असे मानले जाते. त्या परंपरेचे मूळ कागद उघडून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. फिर्याद कोणाची होती आणि बोध कोणाला झाला, हे दोनच प्रश्न घेऊन मी ते वाचले.

राजाईच्या अभंगांच्या कर्तृत्वाबद्दल अभ्यासकांना शंका आहेत आणि त्या रास्त आहेत. नामदेवांच्या घरातल्या बहुतेक सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. आई गोणाई बोलते, मुले बोलतात, जनाबाई तर बोलतेच. यातले किती त्या त्या माणसाचे आणि किती नंतरच्या कीर्तनकारांनी त्यांच्या मुखी घातलेले, हे सांगणे अवघड आहे. पण समजा राजाईने हा अभंग रचलाच नाही. तरी कोणाला तरी वाटले की संताच्या बायकोची तक्रार संताच्या गाथेत असली पाहिजे, आणि पुढच्या पिढ्यांनी ती गाळली नाही. अशी जपलेली तक्रार मला अस्सल सहीइतकीच मोलाची वाटते.

ती रखुमाईकडेच का जाते? पंढरपूर सोलापुरापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. आमच्यातला बहुतेक जण वर्षातून एकदा तरी तिथे जातो, आणि जाऊनही एक गोष्ट आपल्या अंगवळणी पडल्यामुळे दिसत नाही. विठोबा विटेवर एकटा उभा आहे. रखुमाईचे देऊळ वेगळे, मागच्या बाजूला. कथा अशी, की द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव आला, तो पुंडलिकाच्या विटेवर थांबला. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या 1984च्या ग्रंथात या कथेमागचे दैवतांचे थर उलगडले आहेत. त्या वादात मी पडत नाही. मला दिसते ते एवढेच, की राजाईने न्याय मागायला निवडलेली बाई स्वतः नवऱ्यावर रुसून घर सोडून आलेली आहे. तिला पातिव्रत्य समजावून सांगायची गरज नाही आणि ती राजाईलाही ते समजावत बसणार नाही. जात्यावरच्या ओव्यांतही बायका रुक्मिणीच्या रुसण्यात सामील होतात. कधी जनीवरून, कधी तुळशीवरून ती विठ्ठलाशी भांडते आणि दळणारणीला त्यात काही वावगे वाटत नाही. दुःख सांगायला ते भोगलेली बाई हवी, ही समज तिथे पक्की आहे.

महिपतीकडे आलो की चित्र पालटते. ताहराबादचा हा कथेकरी मराठी संतचरित्रांचा सर्वांत मोठा भांडारी. 'भक्तविजय' 1762चा, 'भक्तलीलामृत' 1774चे. आजही कीर्तनातल्या संतकथा बव्हंशी त्याच्याच. त्याच्याकडे परिसाची गोष्ट आहे. परिसा भागवताच्या घरी रुक्मिणीने दिलेला परीस असतो. त्याची बायको राजाईची मैत्रीण. ती हालअपेष्टा पाहून परीस गुपचूप राजाईला देते. लोखंडाचे सोने होते, सामान येते, चूल पेटते. नामदेव घरी येतात, चौकशी करतात, परीस घेतात आणि चंद्रभागेत टाकून देतात. मग परिसा भागवत रागावून नदीवर येतो, नामदेव पाण्यातून ओंजळभर खडे काढतात आणि सगळेच परीस निघतात. कथेचा चमत्कार तिथे आहे आणि ऐकणाऱ्यांचे डोळेही तिथे पाणावतात.

पण गोष्ट पुन्हा पाहा. दोन बायकांनी आपापसात एक तजवीज केली होती. ती एक दिवस चालली. तिचा निकाल नदीकाठी दोन पुरुषांनी लावला. राजाईच्या घरी त्या संध्याकाळी काय शिजले, हे महिपतीला सांगावेसे वाटत नाही. त्याच्याच दुसऱ्या एका कथेत मात्र देव केशवशेट नावाच्या सावकाराचे रूप घेऊन नामदेवांच्या गैरहजेरीत राजाईकडे धन आणून देतो. तिथे देवाने राजाईला बोध केलेला नाही. अर्ज मंजूर केला आहे.

तुकोबांच्या घरची गोष्ट अधिक स्पष्ट आहे, कारण तिथे पैशाचे आकडे आहेत. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली. दुकान बसले. मग कर्जखते इंद्रायणीत बुडवण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग. त्यात एक तपशील आपण भराभर ओलांडतो. भाऊ कान्होबा म्हणाला, माझे काय? तेव्हा निम्मी खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची बुडवली. भावाचा वाटा होता, तो त्याला मिळाला. जिजाईचा त्या कागदांत काही वाटा असू शकेल, असा प्रश्नच प्रसंगात उठत नाही. याच जिजाईने स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापाराला पाठवले आणि तेही त्याने वाटेत एका नडलेल्या माणसाला देऊन टाकले, असे महिपती सांगतो. आमच्या बाजूला बचत गटाच्या कर्जाची गोष्ट ऐकलेल्या कोणत्याही बाईला हा प्रसंग समजावून द्यावा लागणार नाही.

अशा बायकोला तुकोबांनी केलेला उपदेश 'पूर्णबोध' नावाने ओळखला जातो. तो वाचताना माझे मन दरवेळी दोन्हीकडे ओढले जाते. सुरुवातीलाच पांडुरंग हा गावचा चौधरी होतो, संसार हे त्याचे शेत, आपल्यावर बाकी निघालेली, थोडी भरलेली, बरीच उरलेली, आणि वसुलीसाठी दारात तगादा. बुडालेल्या वाण्याने हिशेब कळणाऱ्या बायकोशी हिशेबाच्या भाषेत बोलावे, यात मोठा आदर आहे. तो तिला अडाणी समजत नाही. कर्ज नाकारतही नाही. पण शेवटी मागणे एकच : सगळे सोडून दे. तू काय म्हणतेस, असे कुठे विचारलेले मला आढळले नाही.

तरीही तुकोबांच्या गाथेने एक गोष्ट केली, जी नंतरच्या चरित्रकारांना तितकी जमली नाही. बायकोचे बोलणे तिच्याच तोंडून देणारे काही अभंग तिथे आहेत. घरी धान्याची गोणी आली तर हा पोरांना खाऊ देत नाही, नवरा देवळाच्या नादी लागला, आता पोरांनी खायचे काय, असा तो सूर. 'तुका म्हणे' शेवटी येते खरे, पण तिच्या तक्रारीतला एकही दाणा त्याने कमी केलेला नाही. ज्या कवीने स्वतःविरुद्धचा जबाब स्वतः लिहून ठेवला, त्याला आपण बायकोच्या जाचाला कंटाळलेला साधू करून टाकले. 'कजाग आवली' ही व्यक्तिरेखा कीर्तनात हशा पिकवते. प्रभातच्या 1936च्या 'संत तुकाराम'मध्ये गौरी या अभिनेत्रीने तिला पुन्हा माणूस केले. मूल आजारी पडल्यावर पायातली वहाण घेऊन देवाला जाब विचारायला निघालेली ती बाई पाहताना हसू थांबते. मराठी समीक्षेने या बाबतीत सिनेमाकडून थोडे शिकायला हरकत नव्हती.

सोलापूरकराला अशा बोधाची एक गोष्ट तर लहानपणापासून ठाऊक असते. सिद्धरामेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी सांगितले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. दर जानेवारीत संमती कट्ट्याजवळ हजारो लोक त्या लग्नाच्या अक्षता टाकतात, मीही टाकतो. दुसऱ्या दिवशी होम असतो, आणि कथेत ती कन्या अग्नीत जाते. कट्ट्याचे नाव 'संमती' आहे, हे मला फार आवडते. तिथे वाचली जातात ती वचने कोणाच्या संमतीची, हा प्रश्न मात्र गर्दीत विचारता येत नाही.

आता बहिणाबाई. 1628 ते 1700. देवगावची मुलगी, शिऊरचा बिजवर नवरा, तिच्याहून वयाने कितीतरी मोठा. तिने आपले चरित्र अभंगांत स्वतः सांगितले. मराठीतले बाईने सांगितलेले इतके जुने आणि इतके सविस्तर दुसरे लग्न मला माहीत नाही. जस्टिन अॅबट यांनी 1929 साली ते इंग्रजीत नेले, अॅन फेल्डहाउस यांनी पत्नी आणि संत या दोन भूमिकांच्या ओढाताणीवर लिहिले. आपल्याकडे तिचे जे अभंग सर्वांत जास्त गायले जातात ते पतिव्रतेच्या धर्माचे. काही वर्षांपूर्वी इथल्या एका सप्ताहात मी कीर्तन ऐकले. बुवांनी बहिणाबाई लावली होती. नवरा मारायचा, तिने सोसले, म्हणून पांडुरंग प्रसन्न झाला, तेव्हा मायमाउल्यांनो, सोसायला शिका, असा एकूण रोख. मांडवात पुढे बसलेल्या बायका मान हलवत होत्या. माझ्याजवळची एक मात्र पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिली.

मूळ आत्मनिवेदन तसे नाही. तिथे क्रम वेगळा आहे. कुटुंब भटकत कोल्हापूरला येते. तिला एका वासराचा लळा लागतो. जयरामस्वामींच्या कीर्तनात ते वासरू आणि ही मुलगी दोघेही जातात. स्वामी वासराला जवळ करतात, हिच्या डोक्यावर हात ठेवतात. ही बातमी घरी पोहोचते, तेव्हा नवरा वेणी धरून मारतो. म्हणजे मार भक्तीच्या अभावाने पडला नाही. धर्माच्या मोठ्या माणसाने बायकोला मान दिला म्हणून पडला. पुढे शूद्र तुकोबाला ती गुरू मानते आणि लोक तिच्या पाया पडायला येऊ लागतात, तेव्हा ब्राह्मण नवऱ्याला ते साहवत नाही. तो गरोदर बायकोला टाकून निघून जायचे ठरवतो. पतिव्रताधर्माची तिची विनवणी इथे येते, या भीतीच्या पोटी. नवऱ्याने टाकलेल्या, पोटात मूल असलेल्या मुलीने नवरा हाच देव असे स्वतःला बजावावे, यात श्रद्धा किती आणि निरुपाय किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण प्रसंग कापून टाकून नुसता निष्कर्ष गाणे, ही वाङ्मयाशी लबाडी आहे.

आणि ती सोसते म्हणून नवरा सुधारतो असेही मूळ म्हणत नाही. तो तापाने अंथरूण धरतो. त्या आजारपणात एक वृद्ध ब्राह्मण येतो आणि त्यालाच विचारतो : तुझ्या बायकोचा अपराध काय? तिला का टाकतोस? मी वाचलेल्या या सगळ्या साहित्यात धर्माच्या अधिकाराने नवऱ्याला प्रश्न विचारणारा हा मला भेटलेला एकच माणूस. त्यानंतर नवरा वाकतो आणि सगळे देहूला जातात. कीर्तन संपल्यावर बुवांना मी या ब्राह्मणाबद्दल विचारले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, आहे आहे, पण दोन तासांत बसत नाही हो.

1882 साली पुण्यात दोन पुस्तके निघाली. पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' आणि ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना'. पहिल्यात बायकांना बोध, दुसऱ्यात पुरुषांविरुद्ध फिर्याद. पहिल्याच्या विक्रीतून रमाबाईंच्या इंग्लंडच्या प्रवासाला हातभार लागला. दुसरे विस्मरणात गेले आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हा वाचकांसमोर आले. रमाबाई पुढे स्वतःच त्या बोधाच्या पार पलीकडे गेल्या, हे वेगळे सांगायला नको. बाजारात काय खपते, एवढेच इथे दिसते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवले ते मात्र लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो, भाषेसाठी वाचतो. ते श्रद्धेवरून मोडत आलेल्या एका लग्नाचे कागदपत्रही आहेत. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको दुसऱ्या धर्मात राहिली, आणि पुढची काही वर्षे तिचा मुक्काम चक्क पंढरपुरात, बहिणीच्या घरी. विठोबाच्या गावी, नवऱ्याने देव बदलला म्हणून एकटी पडलेली बाई! रखुमाईच्या देवळाची मला इथे पुन्हा आठवण होते. सल्ल्यांचा तिथे तोटा नव्हता. इकडचे म्हणत, तो मेला समज. तिकडच्यांना वाटे, हिनेही यावे. टिळक पत्रे लिहीत, कविता लिहीत, भेटायला येत, भांडत.

मग ती त्यांच्याकडे राहायला गेली. पण आधी स्वतःच्या अटीवर. वेगळी चूल, वेगळे पाणी, आपले सोवळे आपल्यापाशी. शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी हे चालू दिले. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन स्वयंपाक. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, हे तिला तिच्या विचाराने पटले तेव्हा सोवळे आपोआप सुटले आणि 1900 साली तिने बाप्तिस्मा घेतला. ती ख्रिस्ती झाली हा माझ्या दृष्टीने मुद्दा नाही. ती झाली नसती तरी ते घर चालले असते, असे पुस्तक वाचून वाटते. कोणा उपदेशकाला जे साधले नाही, ते त्या दुसऱ्या चुलीला साधले. शिवाय ती चूल मांडायची बुद्धी बायकोची होती.

संतांवर लिहिणारे आज बहुधा दोन गटांत वाटलेले असतात. एकांना संतांच्या घरात समता नांदत होती असे सिद्ध करायचे असते, दुसऱ्यांना हे सगळे पुरुषसत्तेचे पाठ म्हणून बाजूला सारायचे असते. पहिल्यांना राजाई अडचणीची वाटते, दुसऱ्यांना ती सापडतच नाही. माझे म्हणणे असे, की परंपरेत फिर्याद आहे, भरपूर आहे, आणि तिला उत्तर म्हणून नेहमी बोधच आला असेही नाही. कधी मोहरा आल्या, कधी परीस आला, एकदा का होईना नवऱ्याला प्रश्न आला. ज्यांना या परंपरेच्या अधिकाराने आज संसार सांधायचे आहेत, त्यांनी अर्धीच पोथी उघडू नये. पूर्ण उघडली तर त्यांचेच काम सोपे होईल.

कायद्याला हे जरा आधी उमगले आहे. 1984च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम 14 पुढे जाते. न्यायदंडाधिकारी दोघांना मिळून किंवा कोणा एकालाच समुपदेशनाला पाठवू शकतो, म्हणजे एकट्या नवऱ्यालाही. पुढच्या वर्षीच्या नियमांत तर असे आहे, की केलेल्या हिंसेचे समर्थन नवऱ्याला समुपदेशनात मांडता येणार नाही. बहिणाबाईच्या घरी आलेल्या त्या म्हाताऱ्या ब्राह्मणाला हा नियम समजला असता.

माझ्या टेबलावर येणारे तडजोडीचे कागद मात्र अजून जुन्याच वळणाचे असतात. कोणातरी वडीलधाऱ्या धार्मिक माणसाने समेट घडवलेला असतो आणि मजकूर तोंडपाठ असतो. पत्नी यापुढे नीट नांदेल, सासू-सासऱ्यांचा मान राखेल, माहेरी विचारून जाईल, उलट बोलणार नाही. पाच-सहा कलमे तिची झाली की शेवटी पतीचे एक, तो तिला सन्मानाने वागवील. सन्मान म्हणजे काय, ते कधी लिहिलेले नसते. गेल्या पावसाळ्यात असाच एक कागद टाइप करत होतो. सगळे वाचून दाखवल्यावर, तोवर गप्प असलेली बाई म्हणाली, अजून एक घाला : वरच्या खोलीत माझा स्वयंपाक वेगळा राहील आणि गिरणीच्या पगारातले धान्याचे पैसे दर महिन्याला माझ्या हातात येतील. सोबत आलेले महाराज म्हणाले, ताई, असले कागदात नसते घालायचे, विश्वासावर सोडायचे. ती म्हणाली, विश्वासाचे वरती लिहिलेच आहे की. मी नवऱ्याकडे पाहिले. त्याने मान हलवली, तेव्हा मी सातवे कलम टाइप केले.